पुढचे जेवण



उपवासकाळ संपला, ईस्टर झाला आणि आपल्या जिल्ह्यात लग्नसराई सुरू झाली. एकाच तारखेची भंडाऱ्याची एक, तुमसरची एक आणि साकोलीची एक अशी तीन-तीन निमंत्रणे घरात पडलेली असतात. चाळीस दिवस कुणी मांस सोडले होते, कुणी गोड, कुणी चहातली साखर. आता त्यांच्याच पुढ्यात बुंदी, जिलबी आणि आमरस येतो. या दिवसांत घरभेटीला गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते. (कन्फेशनमधली नव्हे. तिथले तिथेच राहते. ओसरीवर चहा पिताना जे बोलले जाते तेवढेच सांगतो आहे.) तक्रार अशी : "फादर, चांगले चालले होते. एका लग्नात सुटलो. तेव्हापासून सुटलोच आहे."

यातल्या दुसऱ्या वाक्याविषयी मला आज लिहायचे आहे. लग्नात सुटणे ही एका दुपारची गोष्ट असते. पोट जड होते, ढेकर येतात, रात्री झोप नीट लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शरीर बहुतेक सावरते. पण 'तेव्हापासून सुटलोच आहे' हे पंधरा दिवस चालते, महिना चालते, पुढच्या राखेच्या बुधवारापर्यंतही चालते. लग्नातल्या त्या पंगतीने जेवढे बिघडवले नसेल, तेवढे पुढच्या महिन्याने बिघडते. मग मधे काय घडते?

आपल्या भागात अनेक जण दिवसातून दोनदाच जेवण्याचा नियम पाळतात. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार हा विचार मांडत असत. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर आणि बाहेरही पोचवला. दोनच वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवायचे, मधल्या वेळी काही खायचे नाही. हा नियम कुणाला मानवेल आणि कुणाला नाही, हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरने सांगायचे. धर्मगुरूने त्यात पडू नये. पण नियम दोन जेवणांचा असो, भात कमी करण्याचा असो की उपवासकाळातला असो, तो मोडला की मनात एक हिशेब सुरू होतो. दुपारी चार वाजता कुणी आग्रहाने हातात पेढा ठेवला. पेढा खाल्ला. आता दिवस तर बिघडलाच. बिघडलेल्या दिवसाला आणखी काय बिघडायचे आहे? म्हणून दुसरा पेढा, मग चिवडा, मग रात्री पोटभर भात. "गेलंच न आता, खाऊन घे," असे आपण स्वतःलाच सांगतो आणि "उद्यापासून पाहू" म्हणतो.

मानसशास्त्रज्ञांनी हे फार पूर्वी पाहिले आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना दिला नाही. नंतर चव सांगण्याच्या निमित्ताने सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवले आणि हवे तेवढे खा म्हणून सांगितले. ज्या एरवी मोकळेपणी खाणाऱ्या होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरले होते, तेव्हा हे साहजिकच झाले. पण ज्या एरवी हात आखडून, मोजूनमापून खाणाऱ्या होत्या, त्यांनी उलट केले. मिल्कशेक न मिळालेल्या आपल्यासारख्याच मुलींपेक्षा त्यांनी जास्त आइस्क्रीम खाल्ले. त्यांची भूक वाढली होती असे नाही. नियम मोडला होता, आणि मोडलेल्या नियमाला धरून राहण्याचे कारण त्यांना उरले नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटल वाचावा लागे. त्याने माणसांत एक फरक केला आहे, तो इथे कामाला येतो. एक माणूस असा की जो सुखाच्या मागे जातो आणि त्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही. दुसरा असा की ज्याला योग्य काय ते कळते, तो ठरवतोही, पण मोहाच्या वेळी घसरतो आणि मग त्याला खंत वाटते. ॲरिस्टॉटल म्हणतो, पहिल्याचा आजार अंगात मुरलेल्या क्षयासारखा आहे, तर दुसऱ्याचा अधूनमधून येणाऱ्या फेफऱ्यासारखा. झटका येतो आणि जातो. दुसरा माणूस बरा होऊ शकतो, कारण त्याला खंत आहे. ओसरीवर माझ्याशी बोलणारे बहुतेक सगळे या दुसऱ्या प्रकारचे असतात. गंमत म्हणजे तेच स्वतःला पहिल्या प्रकारात बसवून मोकळे होतात. "फादर, मी आहेच खादाड." अहो, खरा खादाड हे धर्मगुरूला सांगायला कशाला येईल?

आता ख्रिस्तसभेची शिकवण पाहू. खादाडपणा सात मुख्य पापांच्या यादीत आहे, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असते. पण संत थॉमस अक्वायनस यांनी त्यावर किती बारकाईने लिहिले आहे, ते कुणी सांगत नाही. पोप संत ग्रेगरी यांच्याकडून त्यांनी पाच प्रकार घेतले : वेळ होण्याआधी खाणे, फार महागडे खाणे, फार जास्त खाणे, अधाशासारखे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. (भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवणारा घरधनी या शेवटच्या प्रकारात बसतो, मग तो कितीही सडपातळ असो.) ते असेही म्हणतात की, एखाद्याने गरज आहे असे समजून चुकून जास्त खाल्ले, तर तो खादाडपणा नव्हे, अंदाज चुकला एवढेच. आणि सर्वसाधारणपणे हे पाप क्षुल्लक कोटीतले असते. माणूस पोटालाच देव करून त्यासाठी परमेश्वराची आज्ञा मोडायला तयार होतो, तेव्हा ते गंभीर होते.

त्याच ग्रंथात निराशेबद्दल मात्र त्यांचा सूर वेगळा आहे. देवाचा द्वेष किंवा अविश्वास ही निराशेपेक्षा मोठी पापे आहेत, असे ते मानतात. पण आपल्या बाजूने पाहिले तर निराशा अधिक धोक्याची, कारण आशा गेली की माणूस चांगल्याचा प्रयत्नच सोडतो. बंधुभगिनींनो, 'गेलंच न आता' ही निराशेची घरगुती बोली आहे. जिलबी हे लहान पाप असेल किंवा पापही नसेल. पण जिलबीनंतर मनात येणारे 'आता माझ्याच्याने होणार नाही' हे वाक्य जिलबीपेक्षा जास्त धोक्याचे आहे. तेच वाक्य दारू सोडू पाहणाऱ्याच्या मनात येते, कर्ज फेडू पाहणाऱ्याच्या येते, रोजची प्रार्थना सुटलेल्याच्या येते. म्हणूनच पेढ्यासारख्या किरकोळ गोष्टीवर मी या पानाची एवढी जागा घेतो आहे.

निराशेला एक जुळी बहीण आहे आणि ती भक्तीचे कपडे घालून येते. "काल एवढे खाल्ले ना, आता दोन दिवस पाण्यावर." ऐकायला हे प्रायश्चित्तासारखे वाटते. पण दोन दिवस पाण्यावर राहिलेला माणूस तिसऱ्या दिवशी काय करतो, ते घरातल्या बायकांना विचारा. वाळवंटातल्या जुन्या तपस्व्यांना हे चांगले ठाऊक होते. संत जॉन कॅसियन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या मठवासीयांच्या मुलाखती लिहून ठेवल्या. त्यांत आब्बा मोशे बजावतात की अति उपवास आणि अति खाणे ही दोन टोके शेवटी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. रोज ठरावीक आणि पुरेसे खाणारा टिकतो. कॅसियन असेही लिहितात की उपवासाचे एकच माप सगळ्यांना लावता येत नाही, कारण शरीरे सारखी नसतात. रोवणीला दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईचे ताट आणि दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे ताट एक कसे असेल?

संत इग्नेशियस लोयोला यांनी याची किंमत स्वतःच्या शरीराने मोजली. धर्मांतरानंतर १५२२ मध्ये मॅनरेसा गावी त्यांनी इतके कडक उपवास केले की प्रकृती कायमची ढासळली आणि पोटाचे दुखणे जन्मभर मागे लागले. म्हणून पुढे १५४८ मध्ये फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र लिहिताना त्यांनी उपवास निम्म्यावर आणायला आणि पोट बळकट करायला सांगितले. बोर्जा तेव्हा गांदियाचे ड्यूक होते आणि पुढे संत झाले. शरीर देवाचे आहे आणि ते आपल्याकडे सांभाळायला दिले आहे, हे इग्नेशियस अनुभवाने शिकले होते.

हे सगळे मी का सांगतो आहे, ते शुभवर्तमानाकडे गेले की कळेल. ईस्टरच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दरवर्षी आपण योहानच्या एकविसाव्या अध्यायातले वाचन ऐकतो. पेत्र मासे धरायला गेला आहे. रात्रभर जाळे टाकूनही काही मिळालेले नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभे आहे आणि तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. योहानने वापरलेला हा 'कोळशाचा विस्तव' असा ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो. एकदा इथे, आणि त्याआधी अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या अंगणात. तिथे थंडीत शेकत उभे राहून पेत्राने येशूला तीन वेळा नाकारले होते. तलावाकाठच्या गावांतल्या आपल्या लोकांना भल्या पहाटेचा विस्तव आणि मासे भाजल्याचा वास यांविषयी मी वेगळे सांगायला नको. त्या वासाने पेत्राला नक्की काय आठवले असेल, तेही तुम्ही ओळखाल.

आता प्रभूने काय केले, त्याचा क्रम पाहा. आधी त्याने विस्तवावर मासे आणि भाकर ठेवली. मग त्यांनी धरलेल्यातलेही थोडे आणायला सांगितले. मग या, न्याहारी करा, असे म्हणून स्वतः वाढले. सगळ्यांचे खाऊन झाल्यावरच तो पेत्राकडे वळला आणि त्याच्या प्रेमाविषयी तीन वेळा विचारले. तू का घसरलास, हे विचारलेच नाही. पुढे काय करायचे ते सांगितले : मेंढरांना चार.

नाकारण्याच्या त्या रात्रीची शिक्षा म्हणून पेत्राने न्याहारीवरून उठून जावे, असे प्रभूला वाटले नाही. अति खाल्ल्यानंतरच्या सकाळी आपल्यालाही हेच हवे आहे. सकाळ झाली आहे. नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढे, नेहमीचे खायचे. प्रार्थना म्हणून बसायचे आणि आभार मानून उठायचे. कालच्या भरपाईसाठी उपाशी राहायचे नाही, आणि काल बिघडले म्हणून आजही बिघडवायचे नाही. पुन्हा वाटेवर यायला सोमवार लागत नाही, पहिली तारीख लागत नाही, नवे वर्षही लागत नाही. पुढचे जेवण पुरते.

पेत्र मात्र त्या सकाळनंतर कधी चुकला नाही, असे समजू नका. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून वाचा. अंत्युखियात तो परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून काही माणसे येताच तो घाबरून वेगळा झाला. पौलाला त्याला सर्वांसमोर सुनवावे लागले. म्हणजे पेत्राची ही घसरगुंडीसुद्धा ताटावरचीच, जरी ती जास्त खाण्याची नसली तरी. ख्रिस्तसभेने त्याला तरीही आपला पहिला पोप मानले आहे.

लपून खाण्याविषयीही थोडे लिहायला हवे, कारण ते घराघरात चालते आणि त्याची लाज फार वाटते. शुगरची गोळी घेणारे आजोबा नातवाच्या डब्यातले लाडू काढतात. दिवसभर सगळ्यांना वाढणारी सून रात्री स्वयंपाकघरात उभ्यानेच उरलेले संपवते. वसतिगृहातून सुट्टीला आलेली मुलगी दार लावून खाते. कॅसियन यांनी सांगितलेली आब्बा सेरापियोन यांची गोष्ट या सगळ्यांसाठी आहे. सेरापियोन लहान असताना आब्बा थिओनास यांच्याकडे राहत असत. दुपारी दोघे जेवत. जेवण झाले की पोरगा रोज एक पाव अंगरख्यात लपवी आणि रात्री गुपचूप खाई. खाण्यात सुख थोडे आणि नंतरची टोचणी फार, पण सवय सुटेना. एके दिवशी काही बंधू भेटायला आले आणि मनात दडवलेल्या गोष्टी माणसाला कशा बांधून ठेवतात यावर बोलणे निघाले. पोराला वाटले, हे माझ्याबद्दलच बोलताहेत. त्याला रडू फुटले. त्याने छातीशी लपवलेला पाव बाहेर काढला, सगळ्यांसमोर ठेवला आणि पाया पडला. म्हातारे रागावले नाहीत. मी काही बोलण्याआधीच तुझ्या सांगण्याने तुला सोडवले आहे, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले. सेरापियोन सांगतात की ती ओढ पुन्हा कधी आली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचे एका दिवसात असे सुटत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण पाव बाहेर काढल्याशिवाय काही सुरूच होत नाही, हेही तितकेच खरे. एका माणसाला सांगा. नवऱ्याला, बायकोला, बहिणीला, डॉक्टरला. आणि ज्यांच्या कानावर हे येईल, त्यांनी थिओनास व्हावे. "तरी मी सांगत होते" हे वाक्य त्या दिवसापुरते गिळावे.

शिस्तीचा मार्ग कुणाला हवा असेल तर इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात तो आहे. पोपांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यातली एक सूचना मला फार शहाणपणाची वाटते. पुढच्या जेवणाला किती खायचे, हे जेवण झाल्यावर, भूक नसताना ठरवावे. ताट समोर आल्यावर ठरवायला बसलो की भूकच ठरवते. दुपारी जेवून हात धुतले की मनाशी म्हणायचे : रात्री दोन पोळ्या आणि एक वाटी भात. झाले. दुसरी पद्धत ठिपक्यांची आहे. वहीत दिवसाची एक रेघ ओढायची आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्यावर द्यायचे. आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची, हा आठवडा मागच्या आठवड्याशी. इग्नेशियस असेही सुचवतात की घसरल्या क्षणी हात छातीवर न्यावा. चारचौघांतही हे करता येते, कुणाच्या लक्षात येत नाही. भर पंगतीत छातीवर हात ठेवायचा आणि जेवण पुढे चालू ठेवायचे. यात रडारड नाही, शपथा नाहीत. आठ ठिपक्यांचे सहा झाले तर देवाचे आभार. आणि मन खचलेले असताना आधीचा चांगला निश्चय बदलू नये, हा त्यांचा नियम तर आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. रात्री अकरा वाजता पोट तट्ट झालेले असताना 'आता कधीच गोड खाणार नाही' असा नवस बोलू नका. 'आता सोडूनच देतो' असेही ठरवू नका. झोपा. सकाळी पाहू.

हळूहळू उतरण्याची अशीच एक गोष्ट आपल्या बौद्ध बांधवांच्या ग्रंथांत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पवनीत प्राचीन स्तूप सापडले आहेत, त्यामुळे ही परंपरा आपल्याला परकी नाही. कोसलचा राजा पसेनदी भाताच्या मोठ्या मापाचे जेवण जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी मिताहारावर चार शब्द सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते पाठ करायला लावले आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला ठेवले. भात हळूहळू कमी होत होत एका नाळीवर आला आणि राजाचे शरीर हलके झाले. राजा असूनही त्याला एकट्याला जमले नाही. त्याला जेवताना शेजारी एक माणूस लागला. भात खाणाऱ्या आपल्या जिल्ह्याने ही गोष्ट घ्यायला हरकत नाही.

सगळ्याच घरांचा प्रश्न एक नाही, याचीही मला जाणीव आहे. आपल्या धर्मग्रामात अशी माणसे आहेत ज्यांनी लहानपणी खरी भूक पाहिली. पंगतीत ती घाईने आणि जास्त जेवतात, तेव्हा शेजारी हसतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहून पाहिले. युद्ध संपल्यावर उपासमार झालेल्यांना कसे सावरायचे, हे कळावे म्हणून. धर्मश्रद्धेमुळे शस्त्र हाती न घेणारे ते तरुण होते. त्या काळात त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरे काही राहिले नाही, आणि अन्न पुन्हा मिळू लागल्यावर काही जण प्रचंड खाऊनही भुकेलेच राहिले. भुकेची आठवण शरीर इतक्या लवकर टाकत नाही. तेव्हा हसू नका.

आता काही व्यवहाराच्या सूचना. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत, आणि आपल्या बाकांवरही ते बसलेले असतात. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी कालच्या जेवणाचे प्रायश्चित्त म्हणून आजचे जेवण मुळीच चुकवू नये. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, जिवावरही बेतू शकते. गोळी आपल्या मनाने वाढवायचीही नाही. मिस्सेला रिकाम्या पोटी येऊन काही जण घामाघूम होतात, म्हणून पुन्हा सांगतो : कम्युनियनआधी एक तासाचाच उपवास आहे. पाण्याने आणि औषधाने तो मोडत नाही. वयस्कर आणि आजारी माणसांना तोही बंधनकारक नाही. वर्षात सक्तीचे उपवासाचे दिवस दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. आजारी माणसाला त्यांतूनही सूट आहे. ख्रिस्तसभेने मागितले त्याहून जास्त स्वतःवर लादायचे असेल तर आधी डॉक्टरला विचारा, मग मला.

आणि ज्यांचे खाणे दर आठवड्याला हाताबाहेर जाते, महिनोन्महिने थांबत नाही, किंवा खाल्ल्यावर जे मुद्दाम उलटी काढतात, त्यांनी हा मोह समजून स्वतःला दोष देत बसू नये. तो आजार असू शकतो. ताबा सुटून वारंवार खाण्याला २०१३ पासून मानसोपचाराच्या प्रमुख अमेरिकी निदानसूचीत स्वतंत्र आजार म्हणून स्थान आहे आणि त्यावर उपचार आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फुकट बोलता येते. प्रार्थना करा आणि फोनही करा.

शेवटी यजमानांना एक विनंती. आग्रह हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण आहे, मला मान्य आहे. पण ज्याने ताटावर हात आडवा धरला, त्याच्या बोटांच्या फटीतून बुंदी सोडू नका. आपल्या अन्नामुळे भावाला अडखळण होऊ नये, हे पौलाने रोमकरांना लिहिले तेव्हा विषय वेगळा होता, पण आपल्या पंगतींनाही ते लागू पडते. या महिन्यात चर्चच्या आवारात ज्यांच्या लग्नाच्या पंगती आहेत, त्यांनी पाणी आणि मठ्ठा भरपूर ठेवावा, ऊन फार आहे. उरलेले अन्न रात्रीच वाटून टाकावे. कुणाला द्यायचे ते सिस्टरांना विचारा, त्यांना घरे माहीत आहेत.

प्रायश्चित्त संस्कारासाठी मी शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी मिस्सेच्या अर्धा तास आधी चर्चमध्ये बसलेला असतो.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू